बिनखाचेचा चाकू

असोद्याच्या तोतारामाला चाकूंचा नाद लागला तो जळगावच्या दवाखान्यातल्या खाटेवर, आणि तोही अशा वेळी, की दुसरा कोणी असता तर त्यानं पुन्हा जन्मात पात्याकडं बघितलं नसतं.

तेव्हा तो विशीत होता. घरचा कापूस गाडीत भरून तो जळगावला सरकी काढायच्या जिनात घेऊन गेला होता. वजनाला अवकाश होता, म्हणून यंत्राशी उभा राहून गंमत बघत होता. यंत्राच्या फिरत्या रुळाशी कापसाचा गोळा अडकलेला दिसला. कोणी सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं, पण ह्या गड्यानं तो काढायला हात घातला. डावा हात मनगटापासून गेला. ‘चूक कोणाचीच नव्हती, माझ्याच उतावळेपणाची होती,’ असं तो पुढं जन्मभर सांगे.

दवाखान्यात बाप रोज येऊन खाटेशी बसे आणि फरशीकडं बघत राही. आता ह्या पोराचं कसं व्हायचं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असे. तोताराम भिंतीकडं तोंड करून पडून राही. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळ्यांना पट्टी. एका दुपारी त्या म्हाताऱ्यानं उशाखाली चाचपून एक संत्रं काढलं, एक घडीचा चाकू काढला आणि आवाजाच्या रोखानं दोन्ही पुढं केले.

“पोरा, एवढं कापून दे रे. मले काही दिसत नही.”

त्याला बिचाऱ्याला काय माहीत, शेजारी कोण पडलंय ते! तोतारामाच्या तोंडाशी आलं, की बाबा, मलाही जमत नाही. पण त्यानं चाकू घेतला. पात्याला नख लावून ओढायला जी बारीक खाच असते, तिच्यात पुढचा दात अडकवला आणि हात मागं खेचला. पातं कर्रकन उघडलं. मग संत्रं दोन गुडघ्यांत धरून त्यानं कसंबसं चिरलं. रस अंगावर सांडला, चादर पिवळी झाली, फोडींचा लगदा झाला. म्हाताऱ्यानं एक फोड चोखली आणि म्हणाला, “कापलं तं भलतंच वंगाळ, पन संत्रं गोड हाये.”

तोतारामाला हसू फुटलं. हात गेल्यानंतरचं पहिलं हसू. बाप चमकून वर बघायला लागला.

म्हाताऱ्याची पट्टी निघाली त्या दिवशी त्यानं शेजारी वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. घरी जाताना तो चाकू तोतारामाच्या उशाशी ठेवून गेला. तोतारामाचा हा पहिला चाकू.

पुढं मग नादच लागला. शेतात केळीला पाणी द्यायचं काम भाऊ बघे, तोताराम बाजारहाट आणि गाडीभाड्याचे व्यवहार बघे. जिथं जाई तिथून चाकू घेऊन येई. बऱ्हाणपूरचा, हरणाच्या शिंगाच्या मुठीचा. भुसावळच्या एका गोऱ्या गार्डानं विलायतेला परत जाताना दिलेला, चार पात्यांचा. माशाच्या आकाराचा एक, त्याचा डोळा लाल काचेचा. घरच्या कापसाचा थर घातलेल्या पत्र्याच्या पेटीत ते सगळे निजलेले असत. पावसाळ्यात त्यांना गंज लागू नये म्हणून करडईच्या तेलाचं बोट फिरे.

त्याची बायको धुरपदाबाई मोठी हजरजबाबी. नवा चाकू आला, की ती शेजारणीला सांगे, “ह्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, माह्या सवती. पेटीत झोपून राह्यतात अन् तेल लावून घेतात. एकीले सैपाक येत असंल तं शपथ!”

तोताराम हसे आणि पेटी उघडून बसे. एकेक चाकू काढायचा, दातानं उघडायचा, उजेडात धरायचा, मांडीवर टेकवून मिटायचा. वर्षानुवर्षं असं करून पुढच्या दाताचा एक टवका उडाला होता. कुठलाही नवा चाकू हातात आला, की लोक आधी पातं बघत, मूठ बघत. तोताराम आधी खाच बघे. दात बसेल की नाही? हे मात्र त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. आणि चाकू उघडून दे, असंही कोणाला कधी म्हटलं नाही.

अशा नादिष्टाला नादिष्ट भेटतातच. त्याला दोघे भेटले. एक रुपचंदभाऊ, जळगावचे कापसाचे दलाल. गाठींचं तरट चिरून आतला नमुना काढून बघायचा हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळं चांगल्या पात्याची पारख बोटांतच भिनलेली. वयानं मोठे, अंगानं भारदस्त. दुसरा अभिमन, जळगाव-धुळे सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. हा मूळचा धुळ्याचा. उतारूंच्या बोचक्याची गाठ सोडवण्यापासून इंजिनातली नळी कापण्यापर्यंत त्याचं सगळं काम चाकूवर चाले. बाजाराच्या दिवशी मोटार जळगावात थांबली, की तिघं रुपचंदभाऊंच्या पेढीच्या मागच्या खोलीत जमत. चहा होई, आणि खिशाखिशांतून चाकू निघत.

अशाच एका बाजारी, साल चौतीस असेल, अभिमन धुळीनं माखलेला तसाच आत घुसला. हातपायसुद्धा धुतले नाहीत.

“भाऊ, ऐका! वना मिस्तरी नवा चाकू करी ऱ्हायना. घडीनाच शे, पन त्याले खाच नही!”

रुपचंदभाऊंचा चहा बशीतच राहिला. “खाच नाही? मग नख कुठं लावायचं?”

“तेच तं! नख लावानंच नही, म्हणस तो.”

वना मिस्तरी म्हणजे धुळ्याला पांझरेच्या काठचा लोहार. त्याचा चाकू उघडता-मिटताना ‘टक’ असा जो आवाज येई, तो दुसऱ्या कोणाच्या चाकूला येत नसे. पण माणूस विक्षिप्त. मनात आलं तर करायचा, नाही आलं तर महिना महिना नुसत्या विळ्यांनाच धार लावत बसायचा. ह्या तिघांकडं मिळून त्याचे चाकू थोडेच होते, आणि एकमेकांकडचा मागून मागून थकले होते. त्या वनानं नवा घाट काढला म्हटल्यावर खोलीत एकच कल्ला उडाला.

रुपचंदभाऊ म्हणाले, “खटका असणार. दाबला की पातं बाहेर. मी मुंबईत बघितलंय तसलं.”

अभिमन म्हणाला, “छ्या! पातं मुठीतून सरळ पुढं सरकत असंल, म्यानमधून तलवार निघते तशी.” जळगावच्या पेढीवर बसला, की तो थोडं शहरी बोले.

“तोतारामभाऊ, तुमचं काय मत?” रुपचंदभाऊंनी विचारलं.

“पाहू,” तोताराम म्हणाला. “आल्यावर पाहू.”

वरवर तो हसत होता. पण घरी जाताना गाडीत त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. खाच नाही. म्हणजे दात कुठं अडकवायचा? सगळा खानदेश ज्या चाकूची वाट बघेल, तो आपल्या पेटीत येईल आणि मिटलेलाच राहील. की अभिमनाच्या पुढं करून म्हणायचं, बाबा, उघडून दे?

वनानं आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, वायदा केला होता. त्या दोन-तीन महिन्यांत अभिमनानं रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर ह्या चाकूची बातमी केली. एरंडोलला कोणी विचारी, “काय ड्रायव्हर, झाला का चाकू?” पारोळ्याला पानवाला विचारी. ज्यांनी उभ्या जन्मात भाकरीखेरीज काही मोडलं नव्हतं, तेही विचारायला लागले. रुपचंदभाऊ मुंबईला गेले तेव्हा येताना लाल मखमलीची एक छोटी डबी घेऊन आले. अजून पाहिलाही नाही त्या चाकूसाठी! त्यांची बायको म्हणाली, “बाळाच्या आधी बारसं म्हणतात ते हेच.”

आखाजी आली. असोद्याला लिंबाच्या झाडांना झोके बांधले, माहेरवाशिणी गाणी म्हणत झुलायला लागल्या. तोताराम जेवणाच्या पानावरून उठून जळगावला गेला. मोटार आली. अभिमन खाली उतरला आणि त्यानं दोन्ही हात झटकले.

“कमान तुटनी. चाकूनी कमान, पातं दाबी धरस ती पट्टी. पोलाद चांगलं नही म्हणे. आते पोळ्याले.”

रुपचंदभाऊंनी कपाळावर हात मारला. मग अभिमनानंच शक्कल काढली. मोटारीच्या खालच्या कमानीच्या पट्ट्यांतला एक मोडका पट्टा वर्कशॉपात पडलेला होता. असलं पोलाद खानदेशात दुसरं मिळायचं नाही. तो पट्टा त्यानं वनाला नेऊन दिला, आणि तेव्हापासून चाकूत आपलीही भागीदारी असल्यासारखा तो छाती पुढं काढून चालायला लागला.

पाऊस लागला, केळीची नवी बागाईत तरारली, आणि तोतारामाच्या जीवाला चैन पडेना. पोळ्याला चाकू येणार. एकदाचं काय ते आपल्या डोळ्यांनी बघून यावं, म्हणून तो रुपचंदभाऊंना न कळवता, अभिमनाला दुसरंच काम सांगून, त्याच्या मोटारीत बसला. धुरपदाबाईनं बरोबर दशम्या आणि असोद्याची चार वांगी बांधून दिली. “मिस्तरीच्या घरच्याईले द्या,” ती म्हणाली. “असोद्याचं भरीत खाल्लं म्हंजे वायदा पाळतीन.”

वना मिस्तरी भट्टीपुढं उकिडवा बसला होता. वाळलेला, उंच माणूस, भुवया भट्टीनं अर्ध्या जळालेल्या. तोतारामानं ओळख सांगितली, तसा तो भडकलाच.

“तू बी त्यासमाधला का? बठ्ठास्नी मनं डोकं खादं! पोलीस इचारस, पानवाला इचारस, काल तर न्हावी इचारे!”

तोताराम शांतपणे ओट्यावर टेकला. वांगी पुढं ठेवली. “मी घाई करायले नही आलो, मिस्तरी. एकच इचारतो अन् जातो. खाच खरंच नही?”

“नही.”

“मंग उघडायचा कसा?”

वांगी बघून वना जरा निवळला. त्यानं फडक्यातून अर्धवट झालेला चाकू काढला. मुठीच्या पाठीवर एक खटका होता. तो एका हातानं दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं पातं चिमटीत धरून वर उचलायचं. काम इतकं गुळगुळीत, की सांधा कुठं आहे ते कळू नये.

“भलताच देखना हाये,” तोताराम म्हणाला. आणि उठला.

वनाला त्याचा चेहरा खटकला. “काय रे भो? आवडना नही का?”

तोतारामानं खिशातून आपला जुना चाकू काढला, खाचेत दात अडकवला, उघडला, पुढ्यातलं एक वांगं ढोपराखाली दाबून त्याचा देठ कापला, चाकू मांडीवर टेकवून मिटवला. डावा हात उपरण्याबाहेर काढून दाखवला. बस, एवढंच.

वना पुढं सरकला.

“अजून एकदाव कर.”

तोतारामानं पुन्हा केलं.

“दखाड तो दात.”

तोतारामानं ओठ वर केला. वना त्या टवका उडालेल्या दाताकडं असा बघत राहिला, जसा सोनार खोटं नाणं बघतो. मग त्यानं खटक्याचा तो देखणा चाकू उचलला आणि भंगाराच्या डब्यात टाकून दिला. खळकन आवाज झाला. तोताराम डब्याकडं धावला.

“हे काय केलं, मिस्तरी! माह्यासाठी काही करू नका. बठ्ठ्याईसाठी करता तोच करा. मी माह्यं पाहून घेईन. मले कोणाची दया नको.”

“तुनासाठे कोण करी ऱ्हायना?” वना गुरकावला. “दोन्ही हात चाकूलेच दिधा तर वांगं कोण धरी? मी? हे मनाच ध्यानमा यावाले पाहिजे व्हतं. जाय आते. पोळ्याले नही व्हवाव. दसरा.”

आता ही बातमी मित्रांना सांगायची कोणी? बाजाराच्या दिवशी तोताराम पेढीच्या मागच्या खोलीत गेला तेव्हा रुपचंदभाऊ मखमलीच्या डबीवरची धूळ फुंकत होते.

“पोळ्याला होत नाही,” तोताराम म्हणाला. “दसऱ्याला.”

“पुन्हा? आता काय मोडलं?”

“मिस्तरींनी होत आलेला चाकू भंगारात टाकला.”

“अरे, पण का?”

“माह्यामुळं,” तोताराम म्हणाला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. संत्र्यापासून दातापर्यंत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

रुपचंदभाऊंनी घसा साफ केला. “म्हणजे... तुम्ही दातानं उघडता ते त्यामुळं?”

“मंग कशामुळं?”

“अहो, मला वाटे ती तुमची ऐट आहे! तुमचा हात मला काय आज दिसला? पण तुम्ही ते इतक्या झोकात करता, की मी कधी तिकडून विचारच केला नाही.”

अभिमन तर एकदम खजील झाला. “मी तर तसं करून बघितलं होतं,” तो म्हणाला. “पारोळ्याच्या थांब्यावर, चार उतारूंच्या देखत. ओठ फाटला. टाका घालावा लागला. घरी सांगितलं, मोटारीचं हॅन्डल लागलं म्हणून.”

तोतारामानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग रुपचंदभाऊंकडं, आणि त्याला जे हसू आलं ते आवरेचना. दोघंही हसायला लागले. पुढच्या पेढीवरचा मुनीम डोकावून गेला, की झालं तरी काय. पण हसणं ओसरल्यावर रुपचंदभाऊ बोट रोखून म्हणाले, “एक मात्र सांगतो. मी सट्टाबाजारातल्या सगळ्या दलालांना पोळ्याची वर्दी दिली होती. आता त्यांना तोंड तुम्ही दाखवायचं!” आणि अभिमनानं पुढचे कितीतरी दिवस तोतारामाला मोटारीत पुढची जागा दिली नाही. मागं, बोचक्यांवर बसवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वनाचा निरोप आला. एकाच शब्दाचा. “या.”

दुसऱ्या दिवशी, हत्यारांच्या पूजेला, धुरपदाबाईही निघाली. “नवी सवत येऊन राह्यली, मले नको का पाहाले?” म्हणाली. ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून ती मोटारीत बसली. रुपचंदभाऊ मखमलीची डबी मांडीवर घेऊन बसले होते. अभिमनानं मोटार अशी हाणली, की एरंडोलच्या पुढं एका कोंबडीचा जीव थोडक्यात वाचला. वाटेत प्रत्येक थांब्यावर लोक हात करत होते. पारोळ्याच्या पानवाल्यानं तर चार विडे फुकट दिले आणि बजावलं, “येताना दाखवल्याशिवाय पुढं जायचं नही!”

वनाच्या लोहारशाळेत सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. ऐरणीला झेंडूची माळ, भात्याला हळदकुंकू, घणाला आंब्याची डहाळी. त्या सगळ्यांच्या मधोमध, पाटावर, लाल फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. वनानं नारळ फोडला, प्रसाद दिला. मग सावकाश फडकं उचललं.

काळ्या शिंगाची मूठ, त्याला पितळी टोप्या. मिटलेला होता. खाच नव्हती. खटकाही नव्हता. फक्त पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, एक एवढीशी पितळी घुंडी चमकत होती, हरभऱ्याच्या घाट्यातल्या कोवळ्या दाण्याएवढी.

वनानं तो वयाचा मान म्हणून आधी रुपचंदभाऊंच्या हातात ठेवला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला. नखानं चाचपलं. दोन्ही हातांनी ओढून बघितलं, कपाळाला घाम आला. पातं हलेना.

“भाऊ,” वना म्हणाला, “एक हात मांगे धरा.”

“काय?”

“डावा हात मांगे. पाठमांगे. आते आंगठा काय म्हणस ते दखा.”

भारदस्त रुपचंदभाऊ एक हात पाठीमागं घेऊन शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. अंगठा आपोआप घुंडीवर गेला. त्यांनी जरा रेटला मात्र, पातं वाऱ्यासारखं फिरलं आणि जागेवर बसलं. टक!

“अरे तिच्या!” रुपचंदभाऊ ओरडले. दलालाच्या तोंडून असला शब्द त्याआधी कोणी ऐकला नव्हता.

मग अभिमन. त्यानं मोटारीचं चाक धरल्यासारखा डावा हात हवेत धरला आणि उजव्यानं चाकू उघडून दाखवला. मिटवायला पाठीवरची कमान बोटानं दाबायची आणि पातं मांडीला टेकवून आत सारायचं, हे त्याला वनानं एकदा सांगितलं. टक, टक. “आते बोचकं चालत्या गाडीत सोडसू!” तो म्हणाला. धुरपदाबाई म्हणाली, “मंग मी नही बसणार तुह्या गाडीत.”

तोताराम मागं उभा होता. वनानं चाकू त्याच्याकडं दिला नाही. नुसता पाटावर ठेवला आणि भात्याकडं काहीतरी काम असल्यासारखा वळला.

तोतारामानं तो उचलला. मूठ गार होती. जुन्या सवयीनं हात अर्धा तोंडापर्यंत गेलाच होता, तिथं थांबला. अंगठा सरकला. घुंडी सापडली. टक.

इतकंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं मिटवला. उघडला. मिटवला. पाटावरच्या नारळाची वाटी डाव्या कोपरानं छातीशी धरली आणि खोबऱ्याचा एक लांब, पातळ, अखंड तुकडा काढला, न सांडता, न घसरता. तो धुरपदाबाईला दिला. तिनं ते खोबरं नुसतं तोंडात टाकलं आणि दुसरीकडं बघत चावत राहिली.

तोताराम उघडतच राहिला, मिटवतच राहिला. टक, टक, टक. शेवटी बाई सावरली. “पुरे आता! घरी न्यायच्या आधीच झिजून जाईन ती.”

“घरी कोण नेणार?” रुपचंदभाऊ म्हणाले.

मखमलीची डबी त्यांच्या हातात उघडीच होती. डबी आणलेली त्यांनी, वायदे ऐकलेले त्यांनी, आणि मान मोठा त्यांचा. त्यांनी डबीकडं बघितलं, चाकूकडं बघितलं, एक लांब उसासा टाकला आणि डबी तोतारामाच्या पुढं धरली.

“घ्या. पहिला तुमचा. पण दुसरा माझा. आणि वनाभाऊ, दुसरा कधी देता?”

“आखाजीले,” वना म्हणाला.

अभिमनानं आणि रुपचंदभाऊंनी एकदमच कपाळावर हात मारला. त्यावर पहिल्यांदाच वना मिस्तरी हसला. मग त्याच्या घरच्यांनी पुरणाचे मांडे वाढले आणि चाकू ताटाताटांवरून फिरत राहिला. परतताना पारोळ्याच्या पानवाल्यानं तो इतक्या वेळा उघडमीट करून बघितला, की मोटारीला उशीर झाला म्हणून उतारू भांडायला उठले, आणि मग तेही एकेकदा उघडून बघायला लागले.

दुसरा चाकू आखाजीला झाला नाही, हे सांगायला नको. पण झाला एकदाचा. मग तिसरा अभिमनाला. हळूहळू धुळ्याच्या, शिरपूरच्या दुसऱ्या लोहारांनी तो घाट उचलला. वनाला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं मन तोवर आडकित्त्यात गुंतलं होतं. अभिमन मोटारीत गोष्ट सांगे, तीत तोतारामाचं नाव येई, म्हणून लोक दुकानात ‘तोतारामी चाकू’ मागायला लागले.

लढाईच्या दिवसांत एकदा तोताराम आणि धुरपदाबाई सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरलेला, पालांच्या ओळी लागलेल्या. थंडी होती, तोतारामानं घोंगडी पांघरली होती. एका पालावर एक मिशाळ माणूस तरटावर चाकू मांडून ओरडत होता, “तोतारामी घ्या, तोतारामी!”

तोताराम थांबला. “काय हो, तोतारामी म्हंजे काय?”

“काय माणूस हो तुम्ही!” तो म्हणाला. “तोताराम माहीत नही? सातपुड्यातला मोठा दरोडेखोर! त्याला एकच हात होता. दुसरा सरकारनं तोडला, तोफेच्या तोंडी देऊन. तरी गडी एका हातानं लगाम धरी, आणि लगाम दातात घेऊन त्याच हातानं चाकू उघडी. त्याच्यासाठी हा चाकू कोणी घडवला, ठाऊक आहे? डोंगरातल्या एका बाबानं. गरिबाच्या केसाला कधी धक्का लावला नही त्यानं. त्याची बायको तर घोड्यावर बसून बंदूक चालवायची!”

धुरपदाबाईचे डोळे मोठे झाले. “आता गं बाई! मी...”

तोतारामानं तिला कोपरानं ढोसलं. “मंग पुढं काय झालं त्याचं?”

“काय होणार? कोणाला सापडला नही. काही म्हणतात, अजून फिरतो वेष पालटून.”

“असंल बुवा,” तोताराम म्हणाला. त्यानं एक चाकू घोंगडीतून उजवा हात तेवढा बाहेर काढून उचलला, अंगठ्यानं उघडला, पात्याचा ताव बघितला. बरा होता. वनाच्या पासंगाला पुरणारा नव्हता, पण बरा होता. त्यानं तो विकत घेतला.

पालापासून जरा दूर गेल्यावर धुरपदाबाई उसळली. “खोटं बोलून राह्यला मेला! सांगितलं काहून नही त्याले?”

“राहू दे ना,” तोताराम म्हणाला. “त्याची विक्री होऊन राह्यली, अन् तुले घोडा भेटला.”

ती दोन पावलं पुढं गेली. मग घोड्यांच्या ओळीकडं बघत म्हणाली, “घोडा तं घोडा. पन बंदुकीचं काय? ती कुठी ठेवली म्हणे मी?”

“पेटीत,” तो म्हणाला, “सवतीईपाशी.”

ती एवढ्यानं हसली, की बाजूची पांढरी घोडी कान टवकारून त्यांच्याकडं बघायला लागली. दोघं मग ती घोडी बघायला थांबले. घ्यायची काही नव्हती. तिचे दात बघितले, खूर बघितले, मालकाशी उगाच घासाघीस केली, आणि ऊन उतरल्यावर गूळ-शेंगदाणे खात तापीच्या उतारावरून गाडीकडं निघाले.